सीलबंद पण साडेचार वर्षं जुना लॅपटॉप निम्म्या भावात मिळतोय, घ्यावा का?

बापू_कऱ्हाडकर | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. लेक बीएस्सी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिलं सत्र माझ्या दुकानातल्या कळकट डेस्कटॉपवर निभावलं, पण आता दुसरं सुरू झालंय आणि रोज संध्याकाळी गिऱ्हाईक एका बाजूला, तिचा सीचा प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूला असं चाललंय. लॅपटॉप घ्यावाच लागणार. बजेट चाळीस, ओढूनताणून बेचाळीस हजार.

काल कोल्हापुरात एका ओळखीच्या दुकानात गेलो होतो. त्याच्याकडे गोडाऊनमध्ये राहून गेलेला एक पीस आहे. खोका फोडलेला नाही. खोक्यावर ऑगस्ट २०२१ छापलंय, एमआरपी ६७,९९०, आणि तो ३४,५०० ला देतो म्हणतो, पक्क्या बिलासकट. प्रोसेसर इंटेल आय-फाइव्ह, अकरावी पिढी (११३५जी७), ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, पंधरा इंची स्क्रीन. त्याच पैशात नवा घ्यायचा तर त्याच्याकडे आय-थ्री आहे, नाहीतर एक रायझन, म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचा. "साहेब, निम्म्यात पडतोय, डोळे झाकून घ्या," असं तो म्हणाला आणि नेमके तिथंच माझे डोळे उघडले.

जाणकारांनी सांगावं. घ्यावा का?

निवांत | सोमवार, रात्री ९.१४

घेऊ नका.

बापू_कऱ्हाडकर | सोमवार, रात्री ९.१५

का हो?

निवांत | सोमवार, रात्री ९.५८

साडेचार वर्षांत कुणीच घेतला नाही, यातच सगळं आलं. (जेवायला गेलो होतो.)

अर्धवट | सोमवार, रात्री १०.०३

निवांतराव, या हिशेबाने आमच्या आळीतल्या निम्म्या पोरांची लग्नं व्हायची नाहीत.

हिशेबनीस | सोमवार, रात्री १०.२०

बापू, आधी तो ६७,९९० चा आकडा डोक्यातून काढून टाका. एमआरपी ही खोक्यावर छापायची गोष्ट आहे. त्या भावात लॅपटॉप विकला गेलेला मी तरी पाहिलेला नाही. म्हणजे तुम्हाला निम्मी सूट मिळतच नाहीये. तुम्हाला ३४,५०० ला एक वस्तू मिळतेय, बस. आज तेवढ्याच पैशात शेजारच्या फळीवर काय आहे, एवढीच तुलना करायची.

आणि २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी उतरला म्हणून भाव पाडला असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. टीव्ही-एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८ वर होता, तिथंच आहे.

कसारा_लोकल | सोमवार, रात्री १०.४१

३४ हजारांत जुना नवा घेण्यापेक्षा खरा जुना घ्या. मी सहा वर्षं आयटीत आहे आणि घरी लेनोवोचा थिंकपॅड टी४८० वापरतो, २०१८ चं मॉडेल. कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप घाऊक काढून टाकतात, ते साफसूफ होऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला विकायला येतात. मला १६ जीबी रॅमसकट वीस हजारांच्या आत पडला. रॅमला दोन खाचा आहेत, एक बॅटरी आत आणि एक बाहेरून बदलता येते, कीबोर्ड तर असा की आजच्या सत्तर हजारांच्या मशीनला नाही. डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५, हे त्याच वयाचे, त्याच जातकुळीचे.

फक्त आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच रीतसर चालतं. शिवाय सातव्या पिढीचा आय-फाइव्ह ७२००यू दोन कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) होता, आठव्यातला ८२५०यू चार कोरचा. एका वर्षात दुप्पट. जुन्या बाजारात हीच लक्ष्मणरेषा.

मावशी_बोलते | सोमवार, रात्री ११.०५

कसारा, तुझं नशीब चांगलं. मी असाच एक "कंपनीतून निघालेला" घेतला होता शाळेच्या कामासाठी. दुकानात छान चालला. घरी आणून वायफाय लावलं, विंडोज नव्याने टाकलं, आणि स्क्रीनवर एका परक्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल आणि पासवर्ड मागायला लागला. पुढे जाताच येईना. ज्यांनी तो भंगारात काढला त्यांनी आपल्या यादीतून त्याचं नावच कमी केलेलं नव्हतं. विकणारा म्हणाला, "मॅडम, नेट न लावता वापरा." लॅपटॉप! नेट न लावता!

दोन महिने चकरा मारल्या, मग अर्धे पैसे परत मिळाले.

अर्धवट | सोमवार, रात्री ११.०९

म्हणजे घटस्फोट न घेता दुसरं लग्न लावून दिलं.

कसारा_लोकल | सोमवार, रात्री ११.१६

मावशी, म्हणूनच दुकानातच विंडोज रीसेट करायला लावायचं, मोबाइलचा हॉटस्पॉट द्यायचा आणि पहिल्या स्क्रीनपर्यंत थांबायचं. अर्धा तास जातो. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमला, पासवर्ड आहे का तेही तिथंच बघायचं. पण हो, हे सगळं करायला बापूंबरोबर कुणीतरी माहितगार हवा.

टिनपाट | मंगळवार, सकाळी ७.३०

मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे, पुण्यात. त्यामुळे मला सगळेच लॅपटॉप वाईट दिसतात, डॉक्टरला सगळे आजारी दिसतात तसे. तरी बोलतो.

बापू, प्रोसेसरची काळजी करू नका. ११३५जी७ ला चार कोर, आठ थ्रेड आहेत आणि कॉलेजच्या कामाला तो अजून चार वर्षं सहज ओढेल. नवा-नवा म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं आतून जुनंच असतं. तुमच्या त्या रायझनचा आकडा बघा. ७५२०यू असेल तर पहिला ७ म्हणजे साल, आणि तिसरा आकडा २ म्हणजे प्रोसेसरची आतली रचना झेन २, ती २०१९ ची. वर त्याची रॅम बोर्डालाच डाख दिलेली, वाढवायची सोयच नाही. तेव्हा खोक्यावरची तारीख नवी आणि पोटातली जुनी, असाही प्रकार असतो.

मी दुकानात बसून काय बघेन ते सांगतो.

पहिली बिजागरी. स्क्रीन एका हाताने हळू उघडा आणि खालच्या कोपऱ्यात प्लास्टिक उचललं जातंय का बघा. बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते नट प्लास्टिकमध्ये नुसते दाबून बसवलेले असतात. माझ्याकडे येणाऱ्या दहा स्वस्त लॅपटॉपांतल्या तीन-चारांचे तेच नट उपटलेले असतात. बिजागरी घट्ट, प्लास्टिक मऊ, आणि पोरं एका कोपऱ्याला धरून स्क्रीन उघडतात. मग आम्ही एरल्डाइट भरून, वर पत्र्याची पट्टी लावून, रात्रभर क्लँपमध्ये आवळून ठेवतो. सकाळी गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याचे आठशे?"

दुसरी रॅम. ८ जीबी एकाच पट्टीत आहे की चार बोर्डावर आणि चार खाचेत, हे टास्क मॅनेजरमध्ये कळतं. या पिढीची गंमत अशी की एकच पट्टी असेल तर त्यातलं आयरिस एक्सई ग्राफिक्स स्वतःचं नाव नुसतं "यूएचडी" सांगतं. दुसरी पट्टी घातली की आयरिस होतं. गिऱ्हाईक भांडायला येतं की आम्हाला फसवलं. फसवलं नाही, अर्धं जेवण वाढलंय. मात्र सध्या रॅमचे भाव कडाडलेत, जुन्या डीडीआर४ प्रकारच्या रॅमचे सुद्धा, तेव्हा "पट्टी नंतर टाकू" हा विचार दुकानदाराच्या गळ्यात आत्ताच मारा.

तिसरी बॅटरी. खोक्यातून काढल्यावर बटण दाबून चालू झाला नाही तर घाबरू नका, बरेच लॅपटॉप पाठवताना झोपवून ठेवलेले असतात, चार्जर लावला की जागे होतात. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ, पुढे बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. एक पान तयार होतं. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी असते. पडून राहिल्याने थोडी उतरलेली असणारच. मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर मात्र नवी बॅटरी किंवा तेवढे पैसे कमी करायला सांगा.

आणि स्क्रीन. घेताना कुणी बघत नाही, चार वर्षं मात्र तीच बघायची असते.

निवांत | मंगळवार, सकाळी ८.०२

मग घ्या.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ९.१५

टिनपाट यांना दंडवत. एक भर घालतो: वॉरंटी. सिरियल नंबर खोक्यावर बाहेरच असतो. कंपनीच्या साइटवर तो टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली, कधी संपते ते दिसतं. सीलबंद आहे म्हणून वॉरंटी बिलाच्या तारखेपासूनच धरली असेल असं नाही. बऱ्याचदा कारखान्यातून निघाल्याच्या तारखेवरून आपोआप चालू झालेली असते आणि बिल दाखवून ती दुरुस्त करून घ्यावी लागते. ते काम पैसे द्यायच्या आधी दुकानदाराकडून करून घ्या. नंतर तो तुमचा फोन उचलेल, पण "बघतो" म्हणेल.

सॅनहोजेचा_सदू | मंगळवार, दुपारी १२.४०

एवढा खटाटोप कशाला? मॅकबुक एअर एम१ घ्या ना. नोव्हेंबर २०२० चा आहे, माझा अजून नवाकोरा चालतो. पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही. इकडे वॉलमार्टने २०२४ च्या मार्चपासून तो ६९९ डॉलरला लावला होता, पुढे आणखी उतरला. जुना, सवलतीतला, आणि तरी फायद्याचा असा लॅपटॉप दाखवायचा तर हाच. कुणी येणारं असेल तर मागवा, अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप बिनाड्यूटी आणता येतो.

अर्धवट | मंगळवार, दुपारी १२.४४

सदूभाऊ, कऱ्हाडहून सॅन होजेला एसटी किती वाजता सुटते?

कसारा_लोकल | मंगळवार, दुपारी १.१०

एम१ चांगला आहे यात वाद नाही, पण तो ८ जीबी, २५६ जीबी आहे आणि दोन्ही बोर्डाला डाखलेलं. उद्या काही गेलं तर पट्टी बदलून भागत नाही, बोर्ड बदला. बापूंना कऱ्हाडात त्याला हात लावणारा कोण मिळणार? बाहेरची स्क्रीनही एकच जोडता येते. ॲपलने स्वतः २०२४ च्या ऑक्टोबरात एअरची सुरुवातच १६ जीबीपासून केली, यावरून समजा.

सॅनहोजेचा_सदू | मंगळवार, दुपारी १.२२

मॅकचे ८ जीबी वेगळे असतात.

टिनपाट | मंगळवार, दुपारी १.२५

हो, महाग असतात.

लोणंदचा_लिनक्सवाला | मंगळवार, सायंकाळी ६.१२

उशिरा आलो, माफी. विंडोजऐवजी फुकट टाकता येणाऱ्या लिनक्सचं कुणी नाव काढलं नाही म्हणून राहवलं नाही. माझ्याकडे २०१२ चा लॅपटॉप आहे, तिसरी पिढी. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, लिनक्स मिंट टाकलं. जावा, पायथन, सी सगळं चालतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो, निवडायचा फक्त. एकूण खर्च चार हजारांच्या आत. बापूंचे तीस हजार वाचले!

मावशी_बोलते | मंगळवार, सायंकाळी ६.३०

इनस्क्रिप्टचा विषय काढलास म्हणून, "र्‍या" कसा काढतोस तू? तो "सुर्‍या" मधला. माझ्याकडे प्रत्येक वेळी "सुर्या" होतो आणि मुलं हसतात.

लोणंदचा_लिनक्सवाला | मंगळवार, सायंकाळी ६.४१

मावशी, नुक्तावाला ऱ आहे, शिफ्ट धरून जे. मग हलन्त, मग य.

मावशी_बोलते | मंगळवार, सायंकाळी ६.४८

सुऱ्या! सुऱ्या सुऱ्या सुऱ्या. देव तुझं भलं करो.

अर्धवट | मंगळवार, सायंकाळी ६.५०

मावशी, इतक्या सुऱ्या परजू नका, बापू घाबरतील.

हिशेबनीस | मंगळवार, सायंकाळी ७.३३

लिनक्स ठीक आहे, पण पोरगी पहिल्या वर्षाला आहे. परीक्षेचा पोर्टल, सरांनी दिलेली कुठली तरी विंडोजची फाइल, यात ती अडकली की दोष बापाच्या कंजूषपणाला जाणार. दोन्ही ठेवता येतात, पण मुख्य विंडोज असू दे.

कसाराच्या पर्यायाचा हिशेब करून बघितला. वीस हजारांचा वापरलेला अडीच वर्षं चालला तर वर्षाला आठ हजार. ३४,५०० चा सीलबंद चार वर्षं चालला तर वर्षाला ८,६२५. फरक सव्वासहाशेचा. एवढ्यासाठी दुसऱ्याची झिजलेली बॅटरी आणि दुसऱ्याच्या कंपनीचा पासवर्ड? माझं मत सीलबंदला. मात्र वॉरंटी बिलाच्या तारखेची मिळाली तरच.

कसारा_लोकल | मंगळवार, रात्री ८.०५

अडीच वर्षं हा आकडा कुठून आणलात? माझा तिसऱ्या वर्षात आहे आणि त्याआधी कुणाच्या तरी टेबलावर चार वर्षं होता. तुमच्या हिशेबात फक्त उत्तर बरोबर यावं म्हणून भाजक बदललाय.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ८.११

तुमचा एक चालला म्हणून सगळे चालतात असं नाही. मावशींचा अडीच तासही चालला नाही.

बापू_कऱ्हाडकर | मंगळवार, रात्री ९.२०

नमस्कार, मी बापूंची लेक. बाबांच्या आयडीवरून लिहितेय, ते वाचत शेजारी बसलेत. सगळ्या काका-मावशींना धन्यवाद, पण कालपासून इतकी चर्चा झाली आणि मला काय हवंय ते कुणीच विचारलं नाही. :)

मी रोज गावातून एसटीने कॉलेजला जाते, पाऊण तास, बहुतेक वेळा उभ्याने. म्हणजे पहिला प्रश्न वजन. त्या आय-थ्रीवाल्याचं आणि या सीलबंदचं वजन बाबांनी विचारलंच नव्हतं. दुसरं, आमच्या लॅबमध्ये साठ मुलांत चार्जिंगला एकच एक्स्टेंशन बोर्ड आहे आणि तो सरांच्या टेबलाजवळ. त्यामुळे बॅटरी निदान चार तास जायला हवी. प्रोसेसर कितव्या पिढीचा याने मला खरंच फरक पडत नाही, पहिल्या वर्षाला सी शिकवतात आणि तेही टर्बो सी या जुनाट सॉफ्टवेअरमध्ये. पुढच्या वर्षी अँड्रॉइड आहे, त्याला मात्र सीनियर मुली म्हणतात ८ जीबीत एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, रडतो.

अर्धवट | मंगळवार, रात्री ९.२४

अजून टर्बो सी? मग १९९१ चा लॅपटॉप शोधा, तोही सवलतीत मिळेल.

टिनपाट | मंगळवार, रात्री ९.४०

पोरी, तू या धाग्यावर पहिल्या दिवशी यायला हवं होतंस. एक काम कर, दुकानात जाताना तुझी रोजची सॅक घेऊन जा, पुस्तकं आणि डबा भरून. लॅपटॉप त्यात टाक आणि चार पायऱ्या चढून बघ. कागदावरचं १.७ किलो आणि खांद्यावरचं १.७ किलो यात चार्जरचं वजन धरलेलं नसतं. आणि स्क्रीन समोरून बघू नकोस, बाजूने आणि खालून बघ. स्वस्त टीएन पॅनल असेल तर खालून बघताना चेहरा काळा पडतो, फोटोच्या निगेटिव्हसारखा. आयपीएस असेल तर नाही पडत.

निवांत | मंगळवार, रात्री १०.१५

घेतला का?

बापू_कऱ्हाडकर | रविवार, दुपारी ३.३०

मंडळी, आज सकाळी लेकीला घेऊन कोल्हापूरला जाऊन आलो. वृत्तांत देतो.

आधी तो नवा आय-थ्री बघितला. टिनपाट यांनी सांगितलं तसं लेक दुकानाच्या फरशीवर उकिडवी बसली आणि खालून स्क्रीनकडे बघायला लागली. दुकानदाराला वाटलं काही पडलं. सगळं काळं पडलं होतं. तो बाद. रायझनचा आकडा बघितला, ७५२०यूच होता. मी म्हटलं, "याच्या पोटात २०१९ आहे." दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं की मला एकदम दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं.

मग सीलबंद फोडायला लावला, आवडला नाही तर घेणार नाही या बोलीवर. तो तयार होईना, शेवटी चहा झाल्यावर तयार झाला. बटण दाबलं तर ढिम्म. मी घाबरलो, लेक म्हणाली झोपलाय, चार्जर लावा. लावला, उठला. बॅटरीच्या पानावर मूळ ४१ हजार काहीतरी आणि आताची ३७ हजार, म्हणजे नव्वद टक्के. रॅम एकाच पट्टीत, दुसरी खाच रिकामी, ग्राफिक्स "यूएचडी"च सांगत होतं. स्क्रीन खालून चांगली दिसली. बिजागरी मी स्वतः बघितली, मला काही कळलं नाही, पण बराच वेळ बघितली.

वॉरंटी मात्र साइटवर २०२२ मध्येच संपलेली दिसली. दुकानदार म्हणाला, होईल नंतर. मी हिशेबनीसांचं वाक्य त्यालाच ऐकवलं. त्याने आमच्यासमोर कंपनीला फोन लावला, बिलाचा फोटो पाठवला, आणि आम्ही पाऊण तास बसून राहिलो. तारीख बदलल्याचा ईमेल लेकीच्या मोबाइलवर आला, मगच पैसे दिले. ३४,५०० चे ३३,००० झाले. पट्टी फुकट द्यायला तो तयार नव्हता, रॅमचं नाव काढलं तरी कपाळावर हात मारत होता. ती पुढच्या वर्षी अँड्रॉइडच्या वेळी बघू.

पायऱ्या लेक दोनदा चढून उतरली. पहिल्यांदा म्हणाली जड आहे. मग डब्यातली उसळ खाऊन टाकली आणि पुन्हा चढली.

कसारा_लोकल | रविवार, दुपारी ३.५२

अभिनंदन. ३३ हजारांत टी४८० आला असता आणि १३ हजार उरले असते, पण अभिनंदन.

मावशी_बोलते | रविवार, सायंकाळी ५.१०

उसळ कसली होती?

बापू_कऱ्हाडकर | रविवार, सायंकाळी ५.२५

मटकीची. आता एक नवीन शंका. यात विंडोज १० आहे आणि ११ चं अपडेट फुकट म्हणून दाखवतंय. आमच्याकडे वायफाय नाही, लेकीच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावलंय, रोजचे दीड जीबी. दुपारपासून चालू आहे. २३ टक्क्यांवर थांबलंय आणि आजचा डेटा संपला. मधेच बंद केलं तर पहिल्यापासून सुरू होतं का?

लोणंदचा_लिनक्सवाला | रविवार, सायंकाळी ५.२७

बापू, मी एक गोष्ट सुचवू का?

सगळेच_जण_नाही | रविवार, सायंकाळी ५.२९

नको.

टिनपाट | रविवार, सायंकाळी ५.४०

डाउनलोड होत असताना बंद केलं तर चालतं, उद्या बहुतेक तिथूनच पुढे जातं. पण "इन्स्टॉल" सुरू झाल्यावर झाकण लावू नका आणि चार्जर काढू नका. त्यापेक्षा दुकान उघडाल तेव्हा शेजारच्या कुणाचं ब्रॉडबँड असेल तर तासभर मागून घ्या.

निवांत | बुधवार, रात्री ९.१४

झालं का अपडेट?

बापू_कऱ्हाडकर | बुधवार, रात्री ९.३०

६१.